डोळ्याबाहेरचं भिंग

मी भिंग बोलतोय. पितळी कड, लाकडी मूठ, मुठीवर सरकारी नंबराचे अर्धवट पुसलेले आकडे. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला आश्चर्य वाटायला नको. मी फार जळकुकडा आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते यवतमाळचं जमीन मोजणीचं कार्यालय आणि गावोगावचे पिवळे पडलेले नकाशे. त्या नकाशांवरच्या बारीक रेघा माझ्यातून पाहिल्या जायच्या. वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहायचे, आणि दोघांचीही नजर स्वतःच्या तुकड्यावर नसून समोरच्याच्या तुकड्यावर असायची. हेवा कशाला म्हणतात ते मी तिथे शिकलो. पुढे आयुष्यभर पुरलं.

मला धरणारा हात श्रीकृष्णरावांचा होता. ते तिथे कारकून होते. आधी हुंगल्यासारखं जवळ न्यायचे, मग हळूहळू दूर करायचे, आणि अक्षर लागलं की "हं!" म्हणायचे. त्या "हं"साठी मी जगत होतो. ते निवृत्त झाले त्याच वर्षी जुन्या सामानाचा लिलाव झाला. इतरांनी खुर्च्या घेतल्या, श्रीकृष्णरावांनी मला घेतलं. त्या दिवशी त्यांच्या नाकावरच्या चष्म्याकडे मी पहिल्यांदा तोऱ्यात पाहिलं.

ती कापसाचे भाव कोसळल्याची वर्षं होती. दारव्हा रोडवर श्रीकृष्णराव आणि रत्नप्रभाबाईंचं बैठं घर, आणि शेजारी बबनरावांचं दुमजली. बबनराव कळंबकडचे शेतकरी, कपाशीची चांगली वर्षं आली तेव्हा त्यांनी वरचा मजला चढवला होता. आमच्या अंगणात संध्याकाळी त्या मजल्याची सावली पडायची. श्रीकृष्णराव खुर्ची सावलीतून उचलून उन्हात नेत, पण त्या सावलीत बसत नसत.

बबनरावांना वेगळंच दुखायचं. "तुमाले काय भाऊ, पाऊस पडो का न पडो, पैल्या तारखेले पेन्शन हजर," ते कुंपणावरून म्हणायचे. वरच्या मजल्यावर तेव्हा माणसं राहत नव्हती. भाव येईल या आशेने साठवलेला कापूस खिडकीच्या वरच्या कडेपर्यंत आला होता.

अशात श्रीकृष्णरावांचा पुतण्या सलील पुण्याहून आला आणि एका कंपनीचं नाव सांगून गेला. सौधपाल प्रॉपर्टी मॅनेजमेंट. कंपनीच्या मालकीची एक भिंतही नाही. लोकांच्या इमारतींच्या लिफ्ट, पाण्याच्या टाक्या आणि पहारेकरी सांभाळायचे, त्याचे पैसे घ्यायचे. सलील राहतो ती इमारतही त्यांच्याकडेच. "काका, तीन वर्षांत लिफ्ट एकदाही बंद पडली नाही," तो म्हणाला. एवढ्या अभ्यासावर श्रीकृष्णरावांनी अकरा रुपयांनी पाचशे शेअर घेतले.

आता माझे दिवस आले. नागपूरहून दुपारी पेपर यायचा. भावाच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत हजारो नावं. सौधपालचं नाव मात्र रोज नसायचं. ज्या दिवशी सौदा झाला नाही त्या दिवशी नावच छापत नसत. आठवड्यातून एखाद्या वेळी ते सापडायचं, आणि भाव रुपया-दोन रुपयांनी चढलेला असायचा.

"कोणीतरी गोळा करतोय," श्रीकृष्णराव म्हणायचे. "मुंबईचा कोणी मोठा माणूस. त्याला आतली बातमी असणार."

त्या न पाहिलेल्या मुंबईवाल्याचा त्यांना इतका हेवा वाटू लागला की जेवताना तोच विषय. त्याच्याकडे जास्त शेअर असतील, आपण मागे राहू. मग आणखी शंभर घ्यायचे. भाव चढायचा. मग आणखी दोनशे.

हे पैसे कुठले, ते सांगायला मला लाज वाटते. श्रीकृष्णरावांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. ऑपरेशनसाठी ठेव मोडून बाजूला ठेवलेले ते पैसे होते. सरकारी दवाखान्यात फुकट झालं असतं. पण बबनरावांच्या सासऱ्यांचं नागपूरला मोठ्या दवाखान्यात झालं होतं, परदेशी लेन्स घालून. मग आपलं सरकारी दवाखान्यात कसं व्हायचं?

लेन्स! ती माझीच जात, पण ती डोळ्याच्या आत बसणार. तिला कोणी टेबलावर विसरणार नाही, शेजारी उसनं देणार नाही. झोपतानाही ती त्यांच्याजवळच. हे ऐकल्यापासून माझ्या पोटात जी आग पडली ती काही केल्या विझेना. श्रीकृष्णराव म्हणायचे, "एवढे शंभर घेऊ, मग डोळा," आणि मी मनात म्हणायचो, घ्या, घ्या.

उसनं देण्यावरून आठवलं. बबनराव रोज जेवणं आटोपली की कुंपणाशी यायचे.

"वहिनी, थे भिंग द्या न जरा. कपाशीच्या पानावर कायतरी बारीक-बारीक दिसून राह्यलं."

खिशातून ते पान काढूनही दाखवायचे. मला घेऊन वरच्या गच्चीवर जायचे, पान बाजूला ठेवायचे आणि शर्टाच्या आतून पेपर काढायचे. भावाचं पान. त्यांचं बोट सरकत सरकत एकाच नावावर थांबायचं. सौधपाल. श्रीकृष्णरावांच्या बढाया कुंपणावरून ऐकून त्यांनीही वणीच्या मेहुण्यामार्फत शेअर घ्यायला सुरुवात केली होती, कॉलनीत कळू नये म्हणून. भाव चढलेला दिसला की तेही पुटपुटायचे, "कोन घेऊन राह्यला रे बा? मुंबईवालाच असन."

दोन घरं, दोन बोटं, खाली एकच ओळ, आणि मध्ये मी. मला तोंड नाही हे खरं. पण असतं तरी मी बोललो नसतो. दोन घरांना मी हवा होतो, आणि डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं जात होतं. याहून जास्त मला काय पाहिजे होतं?

भाव चौतीसवर गेला. श्रीकृष्णरावांना मी हातात असूनही नऊचा शून्य दिसू लागला. रत्नप्रभाबाई त्यांना पानात काय वाढलंय ते सांगू लागल्या. चैत्रातल्या एका दुपारी ते चिडले, "भिंग कुठंय माझं?"

"बबनरावांनी नेलंय. कपाशीवरचे किडे बघायला."

बोलता बोलता बाई थबकल्या. त्या बाभुळगावकडच्या, शेतीच्या घरातल्या.

"अहो, चैत्रात कुठली कपाशी? पऱ्हाट्या उपटून चुलीत गेल्या की!"

त्या तशाच तरातरा शेजारच्या गच्चीवर आल्या. मी पेपरवर होतो. बाजूला ते पान वाळून पापड झालं होतं.

संध्याकाळी दोघे पुरुष ओट्यावर बसले.

"पोळ्याच्या आठवड्यात दोनशे तुम्ही घेतले?" श्रीकृष्णरावांनी विचारलं.

"मीच घेतले. थो मुंबईवाला घेऊन राह्यला म्हणून घेतले."

"पोळ्याच्या आधी मी घेतले होते. आणि संक्रांतीला?"

"मीच. तुमी?"

"दुसऱ्या दिवशी. तुमच्यामुळे."

बबनरावांनी कपाळाला हात लावला. "म्हंजे भाऊ, थो मुंबईवाला आपुनच होतो काय?"

श्रीकृष्णराव हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे पाणावले. दुसऱ्याच दिवशी दोघांनी विकायला सांगितलं. तीन आठवडे सौधपालचं नाव पेपरात आलं नाही. घेणारे हे दोघेच, आणि दोघेही विकायला बसलेले. घेणार कोण? इकडे डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पूर्ण पिकलाय, आता उशीर केलात तर डोळा हातचा जाईल. तरी सरकारी दवाखान्याचं नाव श्रीकृष्णराव काढू देईनात.

मला आनंद व्हायला हवा होता. पण श्रीकृष्णराव त्या दिवशी मला उलटं धरून पेपरातलं नाव शोधत होते, मुठीची बाजू डोळ्याकडे करून. मला तेव्हा माझीच किळस आली.

चार दिवसांनी शेजारी टेम्पो लागला. वरच्या मजल्यावरचा कापूस गाठोड्यांत भरून खाली येत होता. त्या वर्षातला सगळ्यात पडलेला भाव होता तो. बबनरावांच्या बायको विमलताई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अजून महिनाभर ठेवला असता तं?"

"कायले ठेवतं? जागा अडून राह्यली नुसती," बबनराव म्हणाले.

त्याच आठवड्यात पेपरात सौधपालचं नाव छापून आलं. एक हजार शेअर, भाव चौतीस. रत्नप्रभाबाईंनी वाचून दाखवलं, तरी श्रीकृष्णरावांनी मला घेऊन ती ओळ चाचपून पाहिली. मग कुंपणाशी गेले.

"माझे शेअर गेले, बबनराव. कोणी घेतले असतील?"

बबनराव मोटारसायकल पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"असन कोनी मुंबईवाला."

श्रीकृष्णरावांनी वर पाहिलं. वरच्या मजल्याची खिडकी उघडी होती आणि आता आत थेट मागची भिंत दिसत होती. त्या संध्याकाळी त्यांनी खुर्ची त्या मजल्याच्या सावलीतच ठेवली.

ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर त्यांनी मुंगीएवढी अक्षरं मला न घेता वाचली आणि "हं!" म्हणाले. तो "हं" डोळ्यातल्या तिच्यासाठी, त्या लेन्ससाठी होता. मी फडताळात दोन महिने जळत पडलो. मग त्यांनी स्वतः मला नीट पुसलं आणि बबनरावांना देऊन टाकलं.

आता मी इथे असतो. या वर्षी खरोखरच कपाशीची पानं पाहतो, खरे तुडतुडे पाहतो. दुपारी सौधपालचं नाव शोधतो, ते काही सापडत नाही. श्रीकृष्णराव नव्या डोळ्यांनी गच्चीवर येऊन बसतात. ते माझ्याकडे पाहतही नाहीत.

पण एक गोष्ट आहे. बबनरावांचा उजवा डोळा कडेने दुधाळ व्हायला लागलाय. इतक्या जवळून त्यात मीच पाहतो, म्हणून हे मलाच ठाऊक आहे. मागे एकदा मी गप्प राहिलो, आणि त्याचं मला आजही सुख नाही. या वेळी बोलावंसं वाटतं, तर तोंड नाही. तेव्हा दारव्हा रोडने गेलात तर एवढं करा. कुंपणावरून त्यांना हाक मारा आणि सांगा, बबनराव, डोळा दाखवून घ्या, वेळेत.

ते ऐकतील. मग तीही येईल, आत राहणारी, आणि मला पुन्हा फडताळात जावं लागेल. मी जळेन. तरी सांगा.