पहिलारूशी बोलायचा आवाज

सटवाजीला शिव्या द्यायला दुसरा माणूस कधी लागला नाही. ते काम तो स्वतःच करायचा आणि मन लावून करायचा. काठी विसरली की, "हाड् सटव्या! डोकं हाय का खोकं?" पाण्याचा डबा सांडला की, "निकम्मा! बापाचं नाव बुडवलंस." बाप जाऊन जमाना झाला होता आणि डबाभर पाण्यात बुडेल एवढं त्याचं नाव हलकंही नव्हतं. पण बापाचा आवाज सटवाजीनं जपून ठेवला होता. बाकी बापाकडून मिळालेल्या घोंगडीला कसर लागली, आवाजाला नाही.

राणीसावरगावच्या माळावर हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी तंबाखू मळतं, कुणी मोबाइलवर भजनं लावतं, सटवाजी स्वतःला झोडपतो. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मेंढरांनाही वाटत नव्हतं, कारण कळपाच्या पुढं त्याची बायको कासाबाई चालायची. मेंढरं तिच्या पाठीकडं बघत जायची आणि मागं सटवाजीचं जे काय चाललंय ते चालू द्यायची.

मग दिवाळीनंतर कालवा ओलांडताना सटवाजी म्हणाला, "ये गं, दगड घट्ट हाय." दगड घट्ट नव्हता. कासाबाई पडली आणि तिचा गुडघा गेला. ती एका शब्दानं त्याला बोलली नाही. त्यामुळं ते सगळं बोलणं सटवाजीवरच पडलं.

तेव्हापासून ती पालाशी, म्हणजे तंबूशी, बसून असायची आणि तो एकटा मेंढरं राखायचा. पाल होतं पालमजवळ, सूर्यभान नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात. तुरी निघाल्या होत्या, रान मोकळं होतं. मेंढरं तिथं बसवायची, त्यांच्या लेंड्यांचं खत शेताला मिळणार आणि सूर्यभान ज्वारी देणार, असा दरवर्षीचा रिवाज. सगळं रीतसर होतं. फक्त मेंढ्या गाभ टाकायला लागल्या.

पहिली गाभडली तेव्हा सटवाजीनं स्वतःला तासभर सोलून काढलं. दुसऱ्या दिवशी दुसरी गाभडली. मग तो जेवलाच नाही, कारण जेवायला तोंड मोकळं पाहिजे. आता गाभण उरली होती एकटी भोरी. पहिलारू, म्हणजे पहिल्याच वेताची. आई मेली तेव्हा कासाबाईनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. मुलगा बिरदेव पुण्याला कंपनीत गेल्यापासून कासाबाई जी काही माया करायची ती भोरीवर. हिचंही वेत गेलं तर बायको या वेळीही काही बोलणार नाही, हीच सटवाजीला भीती होती.

एका सकाळी त्याचा पाय धोंड्याला ठेचकाळला. "हाड्! हाड् सटव्या, आंधळा झालास का!" एवढंच तो ओरडला. कळप उधळला. गाभणी भोरीसुद्धा पोट सांभाळत धावली. तेवढ्यात बांधावरून सूर्यभान कुऱ्हाड घेऊन पळत आला.

"कुठंय लांडगा?"

"लांडगा न्हाई."

"मग हाड् कुणाला म्हणायलाव?"

"मला."

सूर्यभाननं कुऱ्हाड खाली केली. लांब जाऊन थरथरत उभ्या राहिलेल्या मेंढरांकडं त्यानं बघितलं.

"बरं," तो म्हणाला. "पण मेंढरायला ते कसं कळावं?"

सटवाजी पालावर आला आणि त्यानं कासाबाईला सगळं सांगितलं. सांगता सांगता त्याचा आवाज चढला. "म्हंजे दोनीबी मीच मारले की गं! हाड् तुज्या जिंदगीवर, सटव्या!" वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, सगळी मेंढरं एका कोपऱ्यात दाटली.

"थांबा," कासाबाई म्हणाली. "आता तिसरं मारायलाव."

"मग गप बसू?"

"ते तुमाला जमायचं न्हाई. बोला. पण पहिलारूशी बोलताव तसं बोला."

पहिलारू मेंढी अडली की सटवाजी तिच्या कानाशी बसून फार हळू बोलायचा. त्या आवाजात त्यानं आयुष्यात एकाही माणसाला हाक मारली नव्हती. बिरदेवलाही नाही आणि कासाबाईला तर नाहीच. आता तो स्वतःसाठी वापरायचा म्हणजे लाजच होती. संध्याकाळी वाघरीची गाठ सुटली. सटवाजीनं इकडंतिकडं बघितलं, खाकरला आणि म्हणाला, "असू दे, बाई."

"बाई मी," कासाबाई म्हणाली. "तुमी सटवाजी."

पुढचे काही दिवस सूर्यभानला मोठे काळजीचे गेले. काठी पडली की हा माणूस वाकून म्हणायचा, "ऱ्हाऊ दे राजा, उचल सावकाश." भाकर करपली की, "होतंय, सटवाजी. मधनं चांगली हाय." सूर्यभान कासाबाईला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, शिव्या द्यायचे तवा बरे होते. डॉक्टरला दाखवा." पण मेंढरं उधळायची थांबली होती.

भोरी भर दुपारी अडली. कोकराचा एक पाय आत मुडपला होता. कासाबाई लंगडत आली, गुडघा लांब करून बसली आणि भोरीचं डोकं तिनं मांडीवर घेतलं. सटवाजीनं हाताला तेल लावून हात आत घातला. पाय सापडला आणि निसटला. भोरी कळवळून लाथ झाडू लागली. सटवाजीच्या तोंडात 'हाड्'मधला 'हा' आला. कासाबाईनं मान वर केली.

सटवाजीनं तो 'हा' गिळला. "असू दे," तो म्हणाला. "निसटला. निसटतंय. पुन्हा बघ, सटवाजी. कुणी मागं लागलं न्हाई."

भोरी निवली. त्यानं पुन्हा बघितलं. पाय सरळ झाला आणि कोकरू ओलंचिंब मातीत आलं, निपचित. सटवाजी त्याला गवताच्या बोळ्यानं चोळत राहिला. हात चालू होता आणि तो हळू आवाजही चालूच होता, कारण तो बंद कसा करायचा हे त्याला अजून आलं नव्हतं.

"चोळ राजा, चोळ. तुज्याकडून होतंय तेवढं तू करायलास. कालव्यावर बी तू मुद्दाम केलं न्हाईस. दगड तुला घट्टच वाटला होता. तिचा गुडघा तुला नको होता मोडायला."

कोकरू शिंकलं. सटवाजीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते त्यानं पुसलं नाही, हात भरले होते.

कासाबाई भोरीच्या कानामागं खाजवत होती. "पाय ठेवला तवा," ती म्हणाली, "मला बी घट्टच वाटला होता."

कोकरू उभं राहायला गेलं आणि पडलं. दोघांपैकी कुणीच त्याला काही बोललं नाही.