गिरजेची चंची

आमच्या खांब गावात पानतंबाखूच्या चंच्या घरोघर होत्या, पण माझी जाऊ गिरजा हिने कमरेची चंची काढली, की बाकीच्या बायका आपापली पदराखाली सारायच्या. वरचं कापड तिच्या आजीच्या लग्नातल्या खणाचं, आतले कप्पे आईने शिवलेले आणि कडेचे काचमणी गिरजेचे स्वतःचे. तंबाखू मागेल त्याला देईल, पण चंचीला हात लावू देणार नाही. मला, सख्ख्या जावेलासुद्धा नाही.

धाटावला कंपन्या आल्या आणि गिरजेची सून सरू पॅकिंगला लागली. कंपनीत जाणारी गावातली पहिली बाई. पहिल्या सकाळी ती गेटपास रुमालात बांधायला लागली, तसं गिरजेचं डोकं फिरलं.

"माझी सून रुमालाला गाठी मारीत जानार नाय," ती म्हणाली. सगळी तंबाखू तिने पत्र्याच्या डबीत ओतली, चंची झटकली आणि सरूच्या हातात दिली. मी बघतच राहिले.

सोबत मीच गेले होते. फाटकावर रखवालदाराने चंची नाकाला लावली. आत तंबाखू न्यायला बंदी होती.

"हे टाकून दे, नायतर घरी जा."

ती पहिल्याच दिवशी परत आली, तर गावातून दुसऱ्या कुणाची सून कामाला निघणार नव्हती, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. तरी तिने चंची टाकली नाही. तिथेच पसरली आणि एकेक कप्पा उलटा केला.

"तंबाखू शोधून दाखवा. वास माझ्या सासूचा हाय, तो नाय जायाचा."

निघाली फक्त एक लवंग. रखवालदाराने ती परत कप्प्यात ठेवली आणि सरूला आत सोडलं.

पुढे सरूने चंचीला पासाच्या मापाचा नवा कप्पा शिवला, पोती शिवायच्या पांढऱ्या दोऱ्याने. टाके वेडेवाकडे पडले होते. गिरजा तेच टाके येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची.

वैशाखात कोलाडला लग्न होतं. मांडवात बायका गोल करून बसल्या, चंच्या सुटल्या. गिरजेने पत्र्याची डबी काढली. गिरजेच्या चंचीवर जळणाऱ्या काशीबाईला तेवढंच हवं होतं.

"गिरजे, तुजी चंची कुठं गो? हरवलीस काय?"

गिरजेने पदर सारखा केला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "कामावर गेलीय."