ओतिलियाबाईंची तक्रार

"खेचर कुठं गेलं, ते आधी सांगा," पलीकडचा म्हातारा म्हणाला.

सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. रुबिएलाचा भिजलेला कोट अजून खुर्चीच्या पाठीवर धड टांगूनही झाला नव्हता. फोन खांद्यात धरूनच तिने कॉम्प्युटर सुरू केला आणि कुठलं खेचर म्हणून विचारलं. म्हातारा तुन्हाहून बोलत होता. जुन्या मालिकेत सेल्मिरा मास्तरीण खेचरावर बसून डोंगर चढते, ते वाटेत तीनदा अडतं, आणि तिसऱ्यांदा ती खाली उतरून त्याच्याशी चांगली कडाकडा भांडते. नव्या मालिकेत ती मोटारसायकलवरून आली. त्या भांडणाचा भाग पाहता यावा म्हणून आपल्या बापाने घरात पहिला टीव्ही आणला होता, असं म्हातारा म्हणाला. रुबिएलाने रकान्यात लिहिलं, 'खेचर नाही'. मग त्याला तक्रारीचा क्रमांक दिला. म्हाताऱ्याने तो दोनदा वाचून घेतला.

'धुक्यातली शाळा' नव्याने सुरू झाल्यापासून हे असं चाललं होतं.

प्रत्येक वाहिनीने प्रेक्षकांची बाजू मांडणारा एक माणूस ठेवलाच पाहिजे, असा कायदा आहे. या वाहिनीतले ते गृहस्थ म्हणजे दोक्तोर लिसिमाको. कायदा शिकवून निवृत्त झालेले, सभ्य, आठवड्यातून दोन दिवस येणारे. बाकीचे दिवस आणि बाकीचं सगळं काम रुबिएलाचं. कँटीनच्या मागच्या खोलीत ती सव्वीस वर्षं बसत होती. आधी पत्रं यायची, मग फॅक्स, आता ईमेल. फोन मात्र कधीच थांबले नाहीत. प्रत्येकाला पंधरा दिवसांत उत्तर पाठवायचं आणि त्या उत्तरात 'आपल्या मताचा आम्हाला आदर आहे' हे वाक्य घालायचंच. तिच्या बोटांना त्याची इतकी सवय झाली होती, की एकदा शेजारणीचा नवरा वारला तेव्हा सांत्वनाच्या पत्रातही तिने ते लिहून टाकलं होतं.

छत्तीस वर्षांपूर्वी ही मालिका लागायची तेव्हा बोगोतातले रस्ते ओस पडत. तिचे दोनशे चौदा भाग होते, नव्या मालिकेचे दहा. लोक चिडले होते ते मात्र भाग कमी झाले म्हणून नव्हे. मालिकेचं नाव धुक्यातली शाळा आणि धुकं म्हणून कुठे नाही, सगळीकडे लख्ख ऊन. बटाट्याच्या सूपमधून वाफ निघत नाही. डोंगरातल्या बायका राजधानीतल्या बायकांसारख्या बोलतात. सोगामोसोच्या एका विणकर बाईने दहा मिनिटं फक्त घोंगड्याबद्दल सांगितलं, की ते मेंढीच्या लोकरीचं नाहीच, ते अंगावर घेऊन तिथे एक रात्र काढून दाखवावी. एकीला सेल्मिराचे दातच फार पांढरे वाटले. रुबिएला सगळं लिहून घेत होती. मनातून तिला हे सगळं पटत होतं आणि तसं म्हणायची सोय नव्हती, त्यामुळे संध्याकाळपर्यंत तिचा जबडा दुखायला लागायचा.

घरी तर तिला या मालिकेबद्दल तोंडही उघडता येत नव्हतं, कारण घरी ओतिलिया होती.

ओतिलिया तिची थोरली बहीण. जुनी मालिका लागली तेव्हा ती चोवीस वर्षांची होती आणि एका बेकरीत गल्ल्यावर बसत होती. मालिका संपली त्या महिन्यात तिने बेकरी सोडली, शिक्षिकेचा अभ्यासक्रम केला, आणि आईने केलेल्या रडारडीला न जुमानता पेन्या नेग्रा नावाच्या वस्तीवर निघून गेली. तिथे एक खोली, एक फळा आणि पाचही इयत्तांची मुलं एकत्र. तिथे तिने एकतीस वर्षं काढली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर दुखरे गुडघे घेऊन ती रुबिएलाकडे राहायला आली. कुणी विचारलं तर सरळ सांगायची, की मी टीव्ही पाहून मास्तरीण झाले, आणि ऐकणारा हसला तरी तिला त्याचं काही वाटायचं नाही.

नवी मालिका येणार म्हटल्यावर तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण केली होती. पहिल्या दिवशी शेजारणींना बोलावून गरम चॉकलेट आणि चीज दिलं. मोटारसायकल आली तेव्हा शेजारणी कुजबुजल्या, तर तीच म्हणाली, "जरा दम धरा, आताच तर आलीय ती." तीन भागांपर्यंत तिने एकटीने मालिकेची बाजू लढवली. चौथ्या भागात सेल्मिराला शहरातून नोकरीचं बोलावणं आलं. जीप आली, गाणं वाजलं, तिने केस मोकळे सोडले आणि ती गेली. पुढची गोष्ट बोगोतातल्या एका काचेच्या कचेरीत सुरू झाली. ओतिलिया उठली आणि धुतलेली भांडी तिने पुन्हा धुवायला घेतली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला फोन वाजला.

"प्रेक्षकांच्या तक्रारी इथेच घेतात ना?"

रुबिएलाने आवाज ओळखला. "ओति? काय झालं? बरी आहेस ना?"

"मला तक्रार नोंदवायचीय," ओतिलिया म्हणाली. "तुम्ही लिहून घेताय का?"

कँटीनमधून कपबशांचा आवाज येत होता. रुबिएलाने नवीन पान उघडलं. "नाव सांगा."

"ओतिलिया अन्सोला. शिक्षिका."

"निवृत्त?"

"शिक्षिका लिहा."

रुबिएलाने तसंच लिहिलं. ओतिलियाने तक्रार सांगितली, मुलांना शुद्धलेखन घालतात तशी, थांबत थांबत. चौथ्या भागात शिक्षिका शाळा सोडून जाते. हे ज्या पद्धतीने दाखवलं आहे ते चुकीचं आहे. याविषयी मला वाहिनीच्या जबाबदार माणसाशी बोलायचं आहे. शेवटी तिने क्रमांक मागून घेतला आणि आभार मानून फोन ठेवला. संध्याकाळी रुबिएला घरी गेली तेव्हा दोघी बाजारातल्या टोमॅटोंबद्दल बोलल्या.

गुरुवारी बैठक होती. कार्यक्रमविभागाचा प्रमुख माउरिसियो उरेन्या तसा वाईट माणूस नव्हता; वाढदिवसाला न चुकता सगळ्यांना केक पाठवायचा. त्याने भिंतीवर आलेख दाखवला. तक्रारींची रेघ सरळ वर चढत होती आणि तो खूश होता. लोक बोलताहेत, तो म्हणाला, ज्या मालिकेबद्दल कुणी फोन करत नाही तिची मला भीती वाटते. सगळ्या तक्रारी त्याने एकाच नावाखाली टाकल्या होत्या, 'जुन्याची ओढ'. रुबिएलाने सव्वीस वर्षांत बैठकीत कधी हात वर केला नव्हता, तो त्या दिवशी केला. ती म्हणाली, की घोंगडं खोटं असणं म्हणजे जुन्याची ओढ नव्हे. आणि एका शिक्षिकेची तक्रार आहे, ती तर वेगळीच आहे.

"रुबीबाई," माउरिसियो मायेने म्हणाला, "तुम्ही ना, ही माणसं फार मनाला लावून घेता."

सगळे जरासे हसले. रुबिएलाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बैठक संपल्यावर ती दोक्तोर लिसिमाकोंच्या मागे जिन्यापर्यंत गेली आणि त्यांना अडवून म्हणाली, की रविवारच्या कार्यक्रमात एखाद्या प्रेक्षकाला बोलवा, कायद्यात तशी सोय आहे. प्रेक्षकांसाठीचा हा कार्यक्रम रविवारी पहाटे साडेसहाला लागतो. तो कोण पाहतं, हे तिला सव्वीस वर्षांत कळलेलं नव्हतं. दोक्तोरांना तो दर आठवड्याला भरायचाच असायचा. ते लगेच हो म्हणाले.

ओतिलिया पुढच्या बुधवारी स्टुडिओत आली. रुबिएलाला फोन सोडून जाता येईना, म्हणून ती दारापर्यंत पोचवून परत फिरली. अर्ध्या तासाने ओतिलिया बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. चार मिनिटं बोलले, म्हणाली. मध्ये कुणी अडवलं नाही. बोलणं झाल्यावर कॅमेरावाला यंत्र सोडून पुढे आला आणि त्याने हातात हात घेतला. त्याची आई पण मास्तरीण होती म्हणे. काय बोलली, ते रुबिएलाने विचारलं तर म्हणाली, "रविवारी ऐकशीलच की."

रविवारी सहालाच स्वयंपाकघरात दिवा लागला. रुबिएला शाल गुंडाळून आली तर ओतिलिया टीव्हीसमोर तयार होऊन बसली होती. राखाडी स्कर्ट, कानांत मोती, पायांत पट्ट्यांचे काळे बूट. कुठे जायचं नव्हतं. रुबिएलाने अंडं घातलेलं दुधाचं सूप दोन वाडग्यांत ओतलं आणि शेजारी बसली.

आधी दोक्तोर बोलले. मग माउरिसियो आला. नवा प्रेक्षक, नवा वेग, स्त्रीला स्वतःचा मार्ग निवडायचा हक्क. सहा मिनिटं. मग पडद्यावर ओतिलिया आली. तिच्या नावाखाली पट्टी होती: ओतिलिया अन्सोला, गृहिणी.

"मला जुनी मालिका फार आवडायची," पडद्यावरची ओतिलिया म्हणाली. "आम्ही सगळे मिळून बघायचो."

आणि ती गेली. पुन्हा माउरिसियो. अशा प्रेमाबद्दल आम्ही ऋणी आहोत, तो हसून म्हणाला.

अकरा सेकंद. रुबिएलाची नजर आपोआप भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली होती. तिने वाडगा आपटून ठेवला, सूप टेबलावर सांडलं. दोक्तोरांना आत्ता उठवते, म्हणाली, आणि त्या 'गृहिणी' शब्दाचा खुलासा मागते, उद्या माउरिसियोच्या टेबलावर राजीनामा ठेवते, काय समजतात हे लोक. ती फोन शोधायला लागली. तो खुर्चीच्या उशीखाली गेला होता.

"बस खाली," ओतिलिया म्हणाली. तिने टीव्ही बंद केला आणि सांडलेलं सूप फडक्याने टिपलं.

"काय बोलली होतीस तू?" रुबिएलाने विचारलं. "सगळं सांग मला. चारही मिनिटं."

ओतिलियाने फडकं पिळून वाळत घातलं. मग खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. बसून तिला असलं बोलता येत नसे.

"सेल्मिरा गेली याबद्दल माझी तक्रार नाही," ती म्हणाली. "माणसाला जावंसं वाटतंच. मी नोकरीच्या बाराव्या वर्षी निघाले होते. सकाळच्या दुधाच्या गाडीत जाऊन बसले, ड्रायव्हरशेजारी. पेटी मागे टाकली होती. वस्तीत कुणाला सांगितलं नव्हतं. गाडी सुरू झाली आणि पाहते तर मांडीवरच्या पिशवीत हजेरीपुस्तक. सवयीने घेतलं गेलं होतं. म्हटलं, हे कुणाच्या तरी हातात देऊन येते. ड्रायव्हरला थांबायला सांगितलं, उतरले. शाळेच्या दारात आठ मुलं उभी होती, थंडीने काकडत. एकाकडेही ते पुस्तक देता येईना. मग मी कुलूप उघडलं. गाडी बराच वेळ थांबली होती म्हणे." तिने श्वास घेतला. "जाऊ दे तिला जीपमधून, केस सोडून. पण हजेरीपुस्तक कुणाकडे दिलं, तेवढं दाखवा. कुणाकडे तरी द्यावं लागतं ते. एवढंच बोलले होते."

खिडकीबाहेर पहिली बस गेली.

"बाराव्या वर्षी," रुबिएला हळूच म्हणाली. "म्हणजे आई गेली त्याच्या पुढच्या जूनमध्ये. मी इथल्या स्टँडवर आले होते तुला घ्यायला. तुझ्यासाठी पलंग आणून ठेवला होता. संध्याकाळी पाचपर्यंत उभी होते मी तिथं. तू निरोप पाठवलास, गाडी चुकली."

"हो."

"चुकली नव्हती."

"नाही," ओतिलिया म्हणाली.

ती खुर्चीवर बसली, गुडघा दोन्ही हातांनी सावरत पुढे वाकली, आणि बुटांच्या पट्ट्या एकेक करून सोडवायला लागली. दुसऱ्या बुटाची पट्टी अडकली, तेव्हा रुबिएला उठून तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिने ती सोडवून दिली.