लायलची चार हजार तीनशे कार्डं

आमच्या तळघरात लायल ऑस्ट्रँडर चार हजार तीनशे वेळा उभा आहे. बुटांच्या खोक्यांतून, एकामागे एक, पाठीला पोट लावून. प्रत्येक कार्डावर टोपीची तीच निळी कड, तोच डावा खांदा किंचित पुढे, डोळ्यांत तेच ऊन. वय तेवीस. खाली त्याचं नाव, मागे त्याचे आकडे. आकडे फार नाहीत. बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये तो चार सामने खेळला, तेवढेच.

ओपल, माझी बायको, पाहुण्यांना सांगते, "तळघरात चार हजार पुरुष पोसलेत मी. सगळे एका तोंडवळ्याचे. पण कपडे वाळत घालायला एक वर येईल तर शपथ."

पाहुणे हसतात. मीही हसतो. हसण्यावारी नेता येतं तोवर न्यावं.

हा छंद असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. पुठ्ठ्याच्या एका तुकड्यासाठी घर विकावं तेवढे पैसे मोजणारी पाहिली. कुणाचा घामाचा शर्ट, कुणाची मोडकी बॅट, कुणी चघळून टाकलेला च्युइंगम काचेत बंद करून घेणारा एक दातांचा डॉक्टर पाहिला. पण ही सगळी खेळातल्या राजांच्या मागे. माझ्यासारखा, कुणालाही नको असलेला एकच माणूस पुन्हा पुन्हा विकत घेणारा, शंभरांत एखादा. आम्हाला बाकीचे साठेबाज म्हणतात. त्यात माया कमी आणि कीव जास्त.

चौऱ्याहत्तर साली आम्ही आयोवात छोट्या लीगला होतो. लायल पिचर, मी कॅचर. तो चेंडू टाकायचा, मी बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसून झेलायचो. मैदानाच्या कुंपणापलीकडे मका असायचा. जूनमध्ये गुडघ्याला, जुलैत कमरेला, ऑगस्टमध्ये डोक्याच्या वर. मका वाढत जायचा तसा लायलचा हात वाढत गेला. त्याचा वळणारा चेंडू असा यायचा, की वाटावं गेला गेला, आणि ऐन वेळी टेबलावरून बशी पडावी तसा खाली पडायचा.

एकदा बसमध्ये, बाकीचे पेंगत असताना, तो म्हणाला, "बादल्या, वळणारा टाकला की कोपरात सुई जाते रे."

मला सगळे बादल्याच म्हणत. बसण्याच्या तऱ्हेवरून.

"मॅनेजरला सांगू?"

"खबरदार! घरी पाठवतील मला."

मी सांगितलं नाही. तिथवर ठीक होतं. पण पुढच्याच आठवड्यात वरच्या लीगचा माणूस आला. पांढरी टोपी घालून, पहिल्या रांगेत, मांडीवर वही. तो लायलला बघायला आला होता, पण कॅचरही त्यांना हवा होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि मातीत पडणारा वळणारा चेंडू अंगावर घेऊन अडवावा, तर तो मीच. त्यात मी उठून दिसायचो.

कोणता चेंडू टाकायचा हे कॅचर मांड्यांच्या मधे बोटं दाखवून सांगतो. एक बोट म्हणजे सरळ. दोन म्हणजे वळणारा. मी दोन बोटं दाखवली. पुन्हा दोन. पुन्हा दोन. पिचरला नको असेल तर तो मान हलवतो, मग कॅचर दुसरं काही मागतो. लायलनं एकदाही मान हलवली नाही. एकेचाळीस वेळा मी ती दोन बोटं खाली धरली. मोजली होती मी, तेव्हाच.

त्यांनी लायलला नेलं. मला नाही.

सप्टेंबरात तो वर चार सामने खेळला. वसंतात कार्डासाठी त्याचा फोटो काढला, आणि एप्रिलात कोपर गेलं ते गेलंच. त्याचं कार्ड दुकानांत आलं तेव्हा तो मिशिगनमध्ये दुधाचा ट्रक चालवत होता. हे मला तिसऱ्याकडून कळलं. मी फोन केला नाही. आज करू, थँक्सगिव्हिंगला करू, त्याचं लग्न ठरलं म्हणतात तर तेव्हा करू. न केलेला फोन दरवर्षी जड होत जातो. शेवटी उचलवतच नाही.

एक्याण्णव साली टोलीडोतल्या एका दुकानात दहा सेंटच्या खोक्यात तो मला सापडला. वर कुणीतरी कॉफीचा कप ठेवलेला, कार्डावर गोल डाग. मी त्याला उचललं. खाली आणखी तीन लायल होते. त्यांनाही उचललं. चाळीस सेंट झाले. घरी येताना इतकं हलकं वाटलं, की पुढच्या शनिवारी दुसऱ्या दुकानात गेलो.

असं सुरू झालं. कुठल्याही खोक्यात लायल पडलेला असू नये, एवढंच. तीस वर्षं मी त्याला खोक्यांतून वेचत गेलो.

मग दोन-तीन वर्षांपूर्वी इंटरनेटवरच्या लिलावात कुणीतरी माझ्याविरुद्ध बोली लावू लागलं. नाव घेतलं होतं 'निळा ट्रक'. मी एक डॉलर म्हणालो की निळा ट्रक दोन. मी पाच, तो सहा. लायल अकरा डॉलरला गेला, मग वीसला, मग अडतीसला. माझा जळफळाट व्हायचा आणि आत कुठेतरी आनंदही व्हायचा. जगात आणखी कुणाला तरी लायल हवा होता! बारा हजार डॉलर गेले माझे या दोन वर्षांत. ओपलला परसदारी काचेची खोली बांधायची होती, उन्हात बसून विणायला. ती खोलीही त्या खोक्यांतच आहे.

मार्चमध्ये जाहिरात आली. फोर्ट वेनच्या कार्डांच्या बाजारात लायल ऑस्ट्रँडर सही देणार, दहा डॉलर.

ओपलनं ती जाहिरात माझ्या कॉफीच्या कपाला टेकवून उभी केली. "मर्ल, या वेळी तोंड उघड. माफी मागून ये. आणखी एक कार्ड घेऊन आलास, तर तिकडेच राहा."

हॉलमध्ये शिरलो तर माणसांचा नुसता गजबजाट. काचेच्या पेट्यांवर लोक ओणवे, नोटा हातोहात. एका कोपऱ्यात एक म्हातारा खेळाडू सह्या देत होता, त्याच्यापुढे रांग पार हॉट डॉगच्या गाडीपर्यंत. लायलचं टेबल शेवटच्या भिंतीशी होतं. निळं टेबलक्लॉथ, चार पेनं, आणि समोर कुणी नाही. त्यानं टाय बांधला होता.

"बादल्या!" मी दहा पावलांवर असतानाच तो ओरडला. "गुडघे आधी आले तुझे, मागून तू आलास. काय हा आवाज! दार आहे का माणूस?"

"आणि तुझे केस कुठे गेले?"

"मिशिगनच्या वाऱ्यानं नेले. बस, बस. लोक येतील, पण तोवर बस."

बसलो. तो बत्तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झाला होता. बायको, नॉर्मा, चार वर्षांपूर्वी गेली. नात ब्रिन त्याच्याजवळ राहते, तिला नर्सिंगला जायचंय. हे सगळं त्यानं भराभर सांगितलं, जसं काही खरी गोष्ट पुढेच आहे. मग पुढे झुकून म्हणाला,

"माझं कार्ड कितीला जातंय ठाऊक आहे?"

"किती?"

"अडतीस! अरे, अडतीस डॉलर! माझ्या कार्डाचा लिलाव होतो हे ब्रिननंच पहिल्यांदा फोनवर दाखवलं. आधी मला वाटलं, पोरगी थट्टा करते आजोबाची. पण नाही. लोक भांडतात रे त्या कार्डावरून. चार सामने खेळलो मी, बादल्या, चार. आणि पन्नास वर्षांनी लोक..." त्यानं चष्मा काढून पुसला. "नॉर्मा गेल्यावर घरात नुसता घड्याळाचा आवाज. मग मी त्या लिलावाकडे बघत बसायचो. कुणीतरी कुठेतरी मला मागतंय. बरं वाटायचं."

"लायल..."

"ऐक तर. मग म्हटलं, आपणही घेऊन ठेवावीत. भाव चढेल, ब्रिनच्या फीला होतील. होडी विकली. मासेमारीची, ती लाल. दोनशे बारा घेतलीत आत्तापर्यंत. ऑगस्टमध्ये विकणार."

हॉलमध्ये कुठेतरी मोठा सौदा झाला असावा, टाळ्या पडल्या. मला त्या लांबून, पाण्याखालून ऐकू आल्यासारख्या वाटल्या.

"लिलावात नाव काय घेतलंस तू?" मी विचारलं.

"निळा ट्रक. आमचा दुधाचा ट्रक होता ना, त्यावरून. का?"

मी माफी मागायला आलो होतो. शब्द गाडीत तीन तास घोकले होते. पण आता गप्प बसून घरी गेलो असतो, तर ऑगस्टमध्ये त्यानं दोनशे बारा कार्डं बाजारात मांडली असती आणि घेणारा एकच निघाला असता. म्हणून सांगितलं. कुठलीही गोष्ट उशिरा सांगितली की ती अशीच, चुकीच्या टोकाकडून सांगावी लागते.

"तुझ्याविरुद्ध बोली लावणारा मी होतो."

"म्हणजे एखाद वेळी?"

"दर वेळी. त्याच्या आधी तीस वर्षं, तेही मीच. माझ्याकडे चार हजार तीनशे आहेत."

तो हसला. मोकळा, जुना, बसमधला हसला. "म्हणजे तू मला चढवत होतास, आणि मी तुला? दोन म्हातारे, एकमेकांचे खिसे..." हसता हसता त्याचा चेहरा थांबला. "मग बाकीचे?"

मी हॉलमधल्या त्या लांब रांगेकडे पाहिलं.

"बाकीचे लोक, बादल्या?"

"नाहीत रे."

त्यानं समोरची चार पेनं सरळ केली. मग पुन्हा सरळ केली.

"का केलंस?"

मी सांगितलं. पांढऱ्या टोपीवाला, दोन बोटं, एकेचाळीस वेळा. त्याची सुई मला ठाऊक असताना. मला वर जायचं होतं म्हणून. "चुकलो मी, लायल. तेव्हाच म्हणायला हवं होतं."

"मान हलवता येत होती मला," तो हळू म्हणाला. "पिचर होतो मी, आंधळा नव्हतो. तू स्वतःसाठी मागतोयस हे मला तिसऱ्याच चेंडूला कळलं. पण मलाही वर जायचं होतं. कोपर माझं होतं, त्याचा सौदा मी केला. कोपराचा बोल मी तुला कधीच लावला नाही. एक फोन केला असतास तर तेव्हाच सांगितलं असतं. नॉर्मानं तुला केक खाऊ घातला असता, चेरीचा."

मला रडू येईल असं वाटलं, हलकं होऊन. पन्नास वर्षांचं ओझं कुणी असं एका वाक्यात उतरवतं? पण त्याचं बोलणं संपलं नव्हतं.

"ते गेलं खड्ड्यात. पण ही माणसं," त्यानं रिकाम्या जागेकडे हात केला, जिथे रांग असायला हवी होती, "ही चार वर्षं माझ्याबरोबर होती. जेवायला बसलो की असायची. ती आज तू घेऊन चाललास."

"तुझी दोनशे बाराही मी घेतो. अडतीसनं. ब्रिनची फी..."

"म्हणजे पुन्हा तूच." त्यानं मान हलवली. सावकाश, एकदा इकडे, एकदा तिकडे. मैदानावर कधी हलवली नव्हती ती. "नको. उद्यापासून बोली लावू नकोस. एकही नाही. काय खरा भाव आहे तो मला कळू दे."

"लायल, अरे..."

"जा आता. कुणी आलं तर जागा हवी."

मी उठलो. गुडघे वाजले. या वेळी तो त्यावर काही बोलला नाही. दारापाशी जाऊन मागे पाहिलं, तर त्यानं टाय नीट केला होता आणि एका पेनाचं टोपण काढून ते हातात धरून बसला होता.

घरी ओपलनं दार उघडलं, माझे दोन्ही हात रिकामे पाहिले. "झालं का बोलून?"

"झालं."

"मग असा का दिसतोस?"

मी सांगितलं. ती खुर्चीत बसली. मग म्हणाली, "अरे देवा, बिचारा." तो बिचारा मी नव्हतो.

तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारी, लिलावात एक लायल आला. आमच्या ओहायोतल्याच कुणाचा तरी, कोपरे शाबूत, मधोमध छापलेला, हजारांत एक असा. सुरुवात नव्व्याण्णव सेंटला. मुदत तीन वाजता. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. ओपल समोर बसून शेंगा सोलत होती.

पावणेतीनला बोली शून्य. तीनला पाच कमी, शून्य. निळ्या ट्रकचं नाव कुठे नव्हतं. तोही तिकडे पडद्यासमोर बसला असेल का, चष्मा पुसून? की उठून गेला असेल गॅरेजमध्ये, होडी होती त्या जागेकडे बघत? मला त्याचा नंबर ठाऊक आहे आता. जाहिरातीवर होता.

"हात मांडीवर ठेव," ओपल म्हणाली, माझ्याकडे न बघता.

ठेवले. सेकंद उतरत गेले. एक मिनिट. वीस सेकंद. कुणी येईना. त्या एवढ्या मोठ्या देशात, त्या वेळी जागे असलेल्या एवढ्या कोटी माणसांत एकालाही नव्व्याण्णव सेंटला लायल ऑस्ट्रँडर नको होता.

तीन वाजले. पडद्यावर आलं, विक्री झाली नाही. ओपलनं शेवटची शेंग सोलली, साली गोळा केल्या. मी फोन उचलला, त्याचा नंबर काढला, आणि त्याला काय सांगू ते मला सुचेना.