उजव्या बाजूला उभी

"माफ करा."

फुमिए हलली नाही. उजव्या हातात रबरी कठडा, दोन्ही पावलं पायरीवरच्या पिवळ्या रेघेच्या आत, नजर समोर.

"माफ करा!" मागचा आवाज थोडा चढला.

नागोयात कुणी कुणाला 'सरका' म्हणत नाही. 'माफ करा' म्हणतात, आणि त्याचा अर्थ 'सरका' असाच असतो. दुसऱ्यांदा म्हटलं तर 'सरका की आता'. तिसऱ्यांदा सहसा कुणी म्हणत नाही, जिभेने नुसतं 'च्क' करतात. फुमिए मनात आकडे मोजत होती. सव्वीस, सत्तावीस. अठ्ठेचाळीसला हा सरकता जिना संपतो. एकतिसाव्या सेकंदाला मागून 'च्क' आलं.

वर पोचल्यावर करड्या कोटातला एक माणूस तिच्याकडे न बघता स्टेशनच्या तिकीट-फाटकाकडे धावला. तिच्या पाठीवरची पाटी मात्र त्याने वाचली असणार, कारण त्याच्या डोळ्यांपुढे दुसरं काही नव्हतंच. पिवळ्या पाटीवर मोठा निळा पंजा, आणि खाली अक्षरं: 'दोन्ही बाजूंना उभे राहू या.'

सरकत्या जिन्यावर चालायचं नाही, असा शहराने नियम करून बराच काळ झाला होता. पण डावीकडे उभं राहायचं आणि उजवी बाजू घाईतल्यांना मोकळी सोडायची, ही सवय लोकांच्या पायांत इतकी मुरली होती की भित्तिपत्रकं लावली, घोषणा केल्या, तरी उजवी बाजू रिकामीच राहायची. मग कुणाला तरी सुचलं की पाठीवर पाटी लावलेली माणसं उजवीकडे उभी करावीत. ती काही करणार नाहीत. नुसती उभी राहतील. मागचा आपोआप थांबेल, त्याच्या मागचा त्याच्यामुळे थांबेल.

त्यासाठी नियम तीन होते. बोलायचं नाही, कुणाला हात लावायचा नाही, मागे वळायचं नाही. तिसरा सगळ्यांत महत्त्वाचा. वळलं की चेहरा दिसतो, आणि चेहऱ्याशी भांडता येतं. पाठीशी कुणी भांडत नाही.

चोवीस मीटर लांबी, तीस अंशांचा चढ, मिनिटाला तीस मीटर वेग. सकाळी साडेसात ते साडेनऊ फुमिए वर जायची, वळसा घालून खाली यायची, पुन्हा वर जायची. पन्नास-पंचावन्न फेऱ्या. वय सदुसष्ट.

त्या सकाळी आठच्या सुमाराला मात्र मागून वेगळाच आवाज आला.

"वा! एक तरी बाई धड बाजूला उभी आहे म्हणायची. ओसाकाच्या का हो तुम्ही?"

फुमिए समोर बघत राहिली.

"अहो, बोला की! बाकीचे बघा सगळे, पालीसारखे डावीकडे चिकटलेत. आमच्याकडे कसं, माणसं उजवीकडे उभी राहतात. मी आत्ता गाडीतून उतरले आणि म्हटलं, बाई, आपण चुकलो की हे गावच चुकलं? तेवढ्यात तुम्ही दिसलात. म्हटलं, आहे, आपलं माणूस आहे!" मग पाटी वाचल्याचा आवाज, एकेक अक्षर. "अगो बाई. म्हणजे तुम्ही मुद्दाम उभ्या आहात होय? आणि बोलायचीही बंदी? मग नव्हेच तुम्ही ओसाकाच्या. आमची बाई इतका वेळ गप्प राहिली तर घरचे डॉक्टर बोलावतील!"

मास्कच्या आत फुमिए हसली. वर पोचल्यावर त्या बाईने तिच्या हातात दोन लिंबाच्या गोळ्या कोंबल्या आणि "घसा सुकला असेल, न बोलून बोलून," असं म्हणत ती निघून गेली. फुमिएने कमरेतून वाकून नमस्कार केला. तेवढी परवानगी होती.

सव्वाआठला दहा मिनिटांची सुट्टी असे. कर्मचाऱ्यांच्या खोलीत मोरिशिता चहा ओतत बसला होता. सत्तरीचा, निवृत्त बसचालक, दोन नंबरच्या जिन्यावरचा.

"आयुष्यभर लोकांना म्हटलं, दारात उभे राहू नका, पुढे सरका," तो म्हणाला. "आता त्याच लोकांच्या वाटेत उभं राहायचे पैसे घेतोय. बायको म्हणते, घरी फुकट करत होतास तेच काम."

फुमिए कानोने त्याला एक गोळी दिली.

"कानोबाई, एक विचारू? रागावू नका. एक नंबरचा जिना लहान आहे, वारा लागत नाही, आणि साहेब तुम्हाला दोनदा म्हणाले तिकडे जा. तुम्ही आपल्या तीन नंबरलाच चिकटून. काय आहे काय तिथे?"

"उजेड चांगला आहे."

"उजेड!" मोरिशिताने गोळी गालात सरकवली. "बरं बाई, उजेड."

तीन नंबरच्या जिन्यावरून काझुनारी जायचा. भुयारी गाडीतून उतरून वरची गाडी पकडायला, नऊच्या आत. तिचा मुलगा. फुमिएने हे काम धरलं ते त्यासाठी, आणि हे तिने कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

साडेतीन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला, शिगेओला, अर्धांगाचा झटका आला आणि त्याची डावी बाजू गेली. एका दवाखान्याच्या दिवशी काझुनारी रजा काढून त्याला घेऊन गेला. फुमिए तापाने घरी होती. त्या स्टेशनवरची लिफ्ट फलाटाच्या पार टोकाला, तिच्यापुढे पाच बाबागाड्या, आणि वेळ टळत आलेली. म्हणून ते सरकत्या जिन्यावर चढले. शिगेओ उजवीकडे उभा राहिला, कारण धरता येत होतं ते उजव्याच हाताने. मागून कुणी म्हणालं, माफ करा. पुन्हा म्हणालं. काझुनारीने "बाबा, जरा इकडे," असं म्हणत त्याला खांद्याला धरून डावीकडे घेतलं. डाव्या हाताला कठडा धरता आला नाही. शिगेओ दोनच पायऱ्या खाली आला, पण खुबा मोडला. मग अंथरूण, आणि आठ महिन्यांनी तो गेला.

मृत्यूनंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी आटोपून पाहुणे गेल्यावर मायलेक पेले आवरत होते. तेव्हा फुमिए म्हणाली, "तू मागच्यांचं ऐकलंस. बापाकडे बघितलं नाहीस."

काझुनारीने हातातला पेला मोरीत ठेवला, बूट घातले आणि तो गेला. त्यानंतर फक्त नववर्षाची छापील कार्डं आली, पत्त्यावर सुनेचं अक्षर. फुमिएने दोनदा फोन केला. दोन्ही वेळा सून म्हणाली, ते आंघोळीला गेलेत, आई.

फुमिएला त्याला एकच गोष्ट सांगायची होती: त्या दिवशी मी तिथे असते, तर मीही हेच केलं असतं. हे खरं होतं. लग्नाआधी सहा वर्षं ती एका मोठ्या दुकानात लिफ्ट चालवायची. पांढरे हातमोजे, डोक्याला टोपी, आणि शिकवून घेतलेला उंच, नाकातून काढलेला आवाज: आधी उतरणाऱ्यांना वाट द्या, दारापासून मागे व्हा, माफ करा, माफ करा. वाट देणं तिच्या हाडांत होतं, आणि मुलाला तिनेच ते शिकवलं होतं.

चार महिन्यांत तो तिला पाच वेळा दिसला. दर वेळी ती खाली येत असताना तो वर जात होता, किंवा आधीच फाटकापाशी पोचला होता. मास्क, टोपी आणि जाकीट यांच्या आतली बाई त्याने पाहिली नव्हती.

आठ चाळीसला फुमिए पुन्हा तळाशी आली, वळली आणि वर जाणाऱ्या पायरीवर चढली. डावीकडची पायरी रिकामी होती. सात, आठ, नऊ.

"माफ करा."

शब्द पुरता होण्याआधीच तिने आवाज ओळखला. 'मा' जरा गिळलेला. लहानपणापासून तसाच.

अडीच वर्षं ज्याची वाट पाहिली तो शब्द आला होता, आणि त्याचा अर्थ होता, सरका.

फुमिएची टाच उचलली गेली. डावीकडे एक पाऊलभर जागा होती. त्याची गाडी असेल, साहेब वाट बघत असेल. ती सरकली असती तर तो शेजारून गेला असता, हाताच्या अंतरावरून. नाही सरकली तर पुन्हा तेच, आई आडवी उभी. तिने टाच परत टेकवली. का, ते तिला नंतरही सांगता आलं नसतं. कदाचित फक्त एवढ्यासाठी, की तो मागे उभा राहावा.

पंधरा. सोळा. दुसऱ्यांदा 'माफ करा' आलं नाही. तो पाटी वाचत असावा.

मग आणखी खालून एक जाड आवाज आला. "माफ करा! ओ, माफ करा!" आणि लगेच 'च्क'.

"पुढे उभ्या आहेत त्या," काझुनारी म्हणाला.

"अहो, गाडी चुकेल माझी!"

"माझीही चुकेल. थांबा जरा. एखाद्याचा डावा हात चालत नसतो. त्याला उजवीकडेच उभं राहावं लागतं."

"यांचे दोन्ही चालतायत की!"

"तुम्हाला काय माहीत?"

जाड आवाज काहीतरी पुटपुटला आणि गप्प झाला. फुमिएने डावा हात हळूच जाकिटाच्या खिशात घातला.

तेहतीस. चौतीस. पाठीमागे, एक पायरी खाली, तिचा मुलगा श्वास घेत होता. धावत आल्यासारखा, हळूहळू शांत होणारा. छतावरची दिव्यांची रांग एकेक करून डोक्यावरून मागे गेली. तिला वाटलं, आकडे थोडे सावकाश मोजावेत. जिना त्याच्या वेगानेच चालला होता.

सेहेचाळीस. सत्तेचाळीस.

वर पाऊल टाकून ती दोन पावलं पुढे गेली आणि वळली. वाक्य तयार होतं, चार महिने घोकलेलं. त्या दिवशी मी तिथे असते तर. पण वळताना कंबर आपोआप वाकली, मान खाली गेली, आणि तोंडातून आवाज निघाला तो लिफ्टमधला, उंच, नाकातला. त्या आवाजात ती घरी कधीच बोलली नव्हती.

"माफ करा."

"छे छे, काही हरकत नाही," काझुनारी घाईने म्हणाला. "तुमचं कामच आहे ते. दमत असाल. जपून हं."

तिला दिसले ते त्याचे बूट आणि पिशवीचा एक कोपरा. बूट क्षणभर जोडले गेले, म्हणजे तोही वाकला असणार. मग ते वळले. मान वर करायला एवढाच वेळ होता, आणि तिने ती खालीच ठेवली. काही हरकत नाही, असं त्याने म्हटलं होतं. तिचा चेहरा दिसल्यावर तो हेच पुन्हा म्हणाला असता का, ते तिला आत्ता कळायला नको होतं.

ती सरळ झाली तेव्हा फाटकापलीकडे गडद कोटच कोट होते, सगळे पाठमोरे.

"कानोबाई!" दोन नंबरवरून वर आलेला मोरिशिता हातवारे करत होता. ती जवळ गेल्यावर तो आवाज उतरवून म्हणाला, "बोललात! आणि वळलात सुद्धा! तिनांतले दोन नियम एका फेरीत. साहेबांनी बघितलं असतं म्हणजे? कोण होता तो?"

फुमिएने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आठ बेचाळीस.

"गाडी चुकली असेल त्याची," ती म्हणाली.

वळसा घालून ती खाली जाणाऱ्या जिन्याकडे गेली. त्या वेळी खाली जाणारं दुसरं कुणी नव्हतं, मागेही कुणी नव्हतं. ती उजवीकडे उभी राहिली, डावा हात खिशातच ठेवून.