बद्द आवाज

"सुरू कधी करणार?" कानांवर चढवलेले ते जाड यंत्र किंचित सैल करत कानसेनांनी विचारले.

काचेपलीकडे बसलेली तपासनीस मुलगी उठली, दार ढकलून आत आली आणि त्यांच्या अगदी समोर उभी राहून म्हणाली, "काका, संपत आलंय. वीस मिनिटं झाली. आवाज आला की बटण दाबायचं, असं सांगितलं होतं ना?"

"आला तेव्हा दाबलं की. सात-आठ वेळा."

"मी साठ आवाज दिले."

कानसेनांनी यंत्र काढून हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले. "सकाळी हे तपासलं होतं का कुणी?"

"तुमच्या आधीच एक आजोबा येऊन गेले. पंच्याऐंशीचे. त्यांनी चाळीस वेळा दाबलं." हे सांगताना तिला हसू आले, पण त्यांचा चेहरा पाहून तिने ते आवरले आणि कागद पुढे केला. त्यावरची रेघ निम्म्या वाटेपर्यंत सपाट चालली होती आणि तिथून पुढे विहिरीत पाय घसरावा तशी खाली गेली होती. "जाड आवाज तुम्हाला येतात. बारीक गेलेत. किणकिण, शीळ, घड्याळाचा गजर. बायकांचं हळू बोलणंही नीट कळत नसेल."

"कधीपासून?"

"एका दिवसात जात नाहीत असे. आठ-दहा वर्षं तरी झाली असतील. कारखान्यात असता का? काय काम करता?"

या प्रश्नाचे उत्तर कानसेनांनी आयुष्यभर न विचारतासुद्धा दिले होते. आज मात्र त्यांनी नुसता हात पुढे करून कागद घेतला. कागदाची चार घड्यांची चिठ्ठी करून त्यांनी खिशात घातली आणि ते बाहेर पडले.

त्यांचे काम ऐकण्याचे होते. चिनी मातीच्या बरण्या बनवणाऱ्या कारखान्यात, भट्टी आणि पॅकिंग यांच्या मधल्या मेजावर ते पस्तीस वर्षे बसत आले होते. प्रयोगशाळांना आणि औषधवाल्यांना तीव्र आम्ले साठवण्यासाठी त्या बरण्या जात. त्यामुळे केसाएवढी चीरही चालण्यासारखी नव्हती, आणि अशी चीर डोळ्यांना दिसत नाही. डाव्या तळहातावर बरणी तोलायची, उजव्या हाताने लाकडी हातोडीचा हलका ठोका द्यायचा. निर्दोष बरणी खणखणीत वाजते. चिरलेली बद्द वाजते. एवढेच ते शास्त्र. परंतु या दोन आवाजांच्या मध्ये शेकडो आवाज असतात आणि ते सगळे ओळखणारा माणूस तिथे एकच होता. म्हणून त्यांचे खरे नाव मस्टरवर राहिले आणि बाकीच्या जगात ते कानसेन झाले.

कीर्तीचा एक दोष असा, की ती आपली हद्द पाळत नाही. बरण्यांची पारख करणारा माणसांचीही करू शकेल, असे आधी लोकांना वाटले आणि पुढे लोकांपेक्षा अधिक ठामपणे ते स्वतः कानसेनांना वाटू लागले. नवा माणूस घ्यायचा असो, कुणाचे भांडण मिटवायचे असो, मॅनेजर त्यांना बोलावून घेत. कानसेन डोळे मिटून दोन्ही बाजू ऐकत आणि शेवटी एका शब्दात निकाल देत: खणखणीत, किंवा बद्द. त्या शब्दावर अपील नसे.

बाहेर बाकावर बसलेली बायको त्यांना पाहून उठली.

"बारीक आवाज गेलेत म्हणे," ते म्हणाले.

"म्हणे? मी पाच वर्षं तेच म्हणतेय. तेव्हा काय उत्तर मिळायचं? तू तोंडातल्या तोंडात बोलतेस!" रस्त्यावर आल्यावर ती आणखी मोठ्याने म्हणाली, "आणि जावई? तो बिचारा हळू बोलतो, तर पहिल्या दिवशीच त्याला आतल्या गाठीचा ठरवून मोकळे झालात. लेक माहेरी यायची बंद झाली, तेव्हा म्हणालात, तिच्या आवाजात आता ओलावा उरला नाही. अहो, ओलावा होता. तुमच्यापर्यंत पोचत नव्हता."

एरवी या वाक्याला त्यांनी तीन मुद्द्यांचे उत्तर दिले असते. पण त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे ना लेक होती ना जावई. एक वर्षापूर्वीची एक दुपार होती आणि पॅकिंगमधली एक बाई होती.

ही बाई बरण्या पेंढ्यात बसवून खोक्यांत भरत असे. भरण्यापूर्वी प्रत्येक बरणीवर ती नखाने टिचकी मारी. अधूनमधून एखादी बरणी उचलून ती कानसेनांच्या मेजापाशी येई आणि म्हणे, "काका, ही जरा परत बघता का?" परीक्षकाने पास केलेली बरणी परत बघायची! कानसेन ती न वाजवताच खोक्याकडे बोट दाखवत. पुढे ती येईनाशी झाली.

मग एकदा माल परत आला. अठ्ठावीस बरण्यांपैकी अकरा चिरलेल्या होत्या, आणि एक पाझरून गिऱ्हाइकाच्या नोकराचा हात भाजला होता. चिरा मेजावर सुटल्या की पॅकिंगमध्ये पडल्या, हे ठरवण्यासाठी मॅनेजरच्या खोलीत चौकशी बसली. बसले तिघे: मॅनेजर, भांडारप्रमुख आणि कानसेन. ज्याच्या कामाविषयी शंका होती, तोच न्यायासनावर होता, ही गोष्ट तिघांपैकी एकालाही खटकली नाही. बाई म्हणाली, की तिच्या हातून एकही बरणी पडलेली नाही. बोलता बोलता ती थांबली, कानसेनांच्या खुर्चीशी आली आणि वाकून त्यांना काहीतरी म्हणाली. त्यांना ऐकू आले नाही. "पुन्हा सांगा," हे दोन शब्द जिभेवर आले होते. परंतु ते उच्चारणे म्हणजे काय, हे त्यांच्यातल्या कुठल्यातरी कोपऱ्याला पक्के ठाऊक होते. त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि ते म्हणाले, "जे ऐकायचं ते मी ऐकलं." ती सरळ झाली, त्यांच्याकडे बघत राहिली आणि त्यानंतर एक अक्षरही बोलली नाही.

"बाईंचा आवाज बद्द आहे," त्यांनी निकाल दिला.

तो शब्द कारखानाभर झाला. पोरेसोरे तिला येता-जाता "बद्द बाई" म्हणू लागली. तिला कामावरून काढले; तिच्या नोकरीच्या दाखल्यावर "निष्काळजी व असत्य बोलणारी" असे लिहिले गेले, आणि तो दाखला पाहून दुसऱ्या कुठल्याही कारखान्याने तिला दारात उभे केले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी सुरू होण्याआधी कानसेन एकटेच मेजापाशी गेले. नापास मालाच्या ढिगातून, शाई झिरपून चीर उघड झालेली एक बरणी त्यांनी उचलली; शेजारी नवी, निर्दोष बरणी ठेवली. ठोका दिला. दुसरीवर दिला. पुन्हा पहिलीवर. डोळे उघडे असताना दोहोंतला फरक त्यांना स्पष्ट ऐकू येत होता. मग त्यांनी डोळे मिटले, हाताने बरण्या इकडच्या तिकडे केल्या आणि पुन्हा वाजवल्या. एकाच बरणीवर दोनदा ठोका दिल्यासारखे वाटले.

ते बराच वेळ डोळे मिटून बसले. उघडल्यावर कुठे बघावे, हे त्यांना सुचेना.

संध्याकाळी पत्ता काढत ते एका लाँड्रीत पोचले. बाई उभ्याने इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करत होती. त्यांना पाहून तिने हात थांबवला नाही. स्टुलाकडे मान वळवून ती खणखणीत आवाजात म्हणाली, "बसा. असे नको, उजेडाकडे तोंड करून. म्हणजे माझं तोंड दिसेल तुम्हाला."

कानसेन बसले. सांगायला आलेली गोष्ट तिला आधीच ठाऊक होती.

"तुम्हाला कधी कळलं?"

"तुमच्यापासून माझी जागा दहा पावलांवर. तुम्ही बरणी वाजवायचात, मला तिथवर कळायचं की फुटकी आहे, आणि तुम्ही ती पास करायचात. आधी वाटलं, मुद्दाम करताय, मालकाचा माल वाया जाऊ नये म्हणून. मग एकदा तुमच्या पाठीमागं घंटी पडली. सगळे दचकले. तुम्ही ढिम्म." तिने चादरीची घडी उलटली. "तेव्हा म्हटलं, अरे देवा, यांना येतच नाही ऐकू."

"मग तेव्हाच सांगायचं होतं मला."

"सांगितलं की! चौकशीत. तुमच्या कानाशी येऊन. आता काय बोलले ते माझ्याच तोंडून ऐकायचंय होय?" ती इस्त्री हातात धरून थांबली. "म्हटलं, काका, तुमचे कान गेलेत हे मी चारचौघांत बोलणार नाही. इतक्या वर्षांची अब्रू आहे तुमची. तुम्ही स्वतःच सांगाल का? तर तुम्ही म्हणालात, जे ऐकायचं ते मी ऐकलं."

"मला ऐकू आलं नव्हतं."

"काय?"

"तुम्ही वाकून काय म्हणालात ते. एक शब्दसुद्धा नाही. मी नुसती मान हलवली."

इस्त्री तिने घाईने उभी केली; चादरीचा कोपरा पिवळा पडला होता. तो ती बोटाने घासत राहिली. "म्हणजे वर्षभर मी उगाच तुम्हाला नीच समजत होते."

"आणि आता?"

"आता काय! नीच माणसाचा राग तरी धरता येतो."

उभ्या जन्मात कुणी केली नव्हती इतकी त्यांची अचूक किंमत तिने एका वाक्यात केली होती. बुद्धिपुरस्सर केलेल्या अन्यायाला निदान बुद्धी तरी लागते. त्यांनी एका बाईचे नाव मातीत घातले होते ते "पुन्हा सांगा" म्हणण्याची लाज वाटली म्हणून.

"मी मॅनेजरना लिहून देतो," ते म्हणाले. "सगळं. सहीनिशी."

"लिहून नका देऊ. कागद कपाटात जातो. मला खोटी ठरवलीत ना, ती कारखानाभर ठरवलीत. त्याच खोलीत, त्याच माणसांपुढं सांगा. दारं उघडी ठेवून."

शनिवारी ती लाँड्रीतून दोन तासांची सुटी काढून आली. मॅनेजरने कानसेनांना आधी बाजूला घेतले. "कशाला एवढं ताणता? बाईंना गुपचूप परत घेऊ. दाखलाही बदलू. तुमचं दीड वर्ष राहिलंय, मानानं जा."

"दार उघडं राहू द्या," कानसेन म्हणाले.

आणि ते बोलले. खुर्ची त्यांनी नाकारली. आपला आवाज किती चढला आहे याचा अंदाज त्यांना येत नव्हता. मॅनेजरने दोनदा हाताने "हळू" अशी खूण केली, पण त्यांनी ती पाळली नाही. बरण्या आपण सोडल्या. बाई खरे बोलत होती. आपल्याला त्या दिवशी ऐकू आले नाही आणि तरीही आपण निकाल दिला. आठ वर्षांत आणखी किती बरण्या अशा गेल्या असतील, आणि किती माणसे, ते आपल्याला सांगता येणार नाही. खिडकीशी माणसे जमली होती. त्यांच्यातले कुणी हसले असेल, तर तेही त्यांना ऐकू आले नाही.

नवा दाखला तिथेच लिहून घेण्यात आला. तो तिने दोनदा वाचला. मॅनेजरने विचारले, "सोमवारपासून येता ना?"

"नाही. तेवढा कागदच हवा होता," असे म्हणून तिने तो पिशवीत ठेवला.

अंगणातून जाताना ती कानसेनांच्या शेजारून गेली आणि न थांबता काहीतरी म्हणाली. ओठ हललेले त्यांना दिसले. क्षमा असेल. शिवी असेल. दोन्हींना ते पात्र होते, आणि दोन्हींपैकी काय मिळाले हे न कळता उरलेले आयुष्य काढणे ही कदाचित योग्यच शिक्षा होती. असा युक्तिवाद त्यांच्या मनात नेहमीप्रमाणे सुबकपणे तयारही झाला. तो त्यांनी तसाच सोडला आणि सगळ्यांदेखत ते तिच्यामागे जवळजवळ धावले.

"बाई! काय म्हणालात? मला ऐकू आलं नाही."

ती फाटकाशी थांबली. वळली. चार पावले परत आली, त्यांना आपले तोंड नीट दिसेल अशी उभी राहिली आणि पलीकडच्या भट्टीपर्यंत जाईल एवढ्या आवाजात म्हणाली,

"म्हटलं, पाठीला चुना लागलाय तुमच्या. भिंतीचा. झटकून टाका."

आणि ती निघून गेली. बोलताना आधारासाठी आपण भिंतीला टेकलो होतो, हे तेव्हा कानसेनांच्या ध्यानात आले. अंगणभर माणसे उभी होती. त्यांनी उजवा हात खांद्यावरून मागे नेला, मग डावा कमरेकडून वर नेला. पाठीच्या मधोमध हात काही पुरेना.