रडणाऱ्या राजाचं प्रकरण

माझ्या मावशीने जुन्या यहुदी धर्मग्रंथातल्या गोष्टी मुलांसाठी लिहिल्या. प्रुफं आली तेव्हा त्यातलं एक प्रकरण गायब होतं. त्यात राजा आपल्याच शिपायाची बायको बळकावतो आणि त्याला लढाईत पुढे धाडून मारवतो. पुढच्या पानावर मात्र राजा जमिनीवर पडून रडत होता.

“आता मुलांना वाटेल, ह्याचं पोट दुखतंय,” मला घेऊन प्रकाशकांच्या कार्यालयात आलेली मावशी त्यांना म्हणाली.

“ताई, एवढा मोठा राजा! झाकली मूठ सव्वा लाखाची. प्रकरण हवंच असेल, तर पुस्तक मी छापत नाही.”

“ही मूठ त्याच्याच लोकांनी ग्रंथात लिहून उघडली, भाऊ. देवाचा निरोप आणणाऱ्या संदेष्ट्याने तोंडावर गुन्हा सांगितला, तरी राजाने त्याचं मुंडकं उडवलं नाही. ‘चुकलो’ म्हणाला. शिकण्यासारखं आहे ते हेच!”

मी संशोधनात काम करत असल्याने जाणवलं, नकोसं निरीक्षण खोडायचा मोह आमच्या प्रयोगशाळेतही होतो. लाडक्या राजाविरुद्धचा पुरावा पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या त्या लोकांचं मला फार कौतुक वाटलं, आणि सगळी मेहनत पिशवीत भरून उठलेल्या मावशीचंही.

ती दारापर्यंत गेली.

“अहो, बसा,” प्रकाशक म्हणाले. “रडायला कारण हवंच. घालतो प्रकरण.”